निळ्या खड्याचा टवका

सोमवारी सकाळी सात वाजून अकरा मिनिटांनी मिनल ओव्हाळच्या हातात त्या दिवसाचा छत्तिसावा बुश, लोखंडाची आखूड नळी, होता. डाव्या हातात बुश, उजव्या हातात गेज. गेजचं एक टोक बुशच्या भोकातून आरपार गेलं पाहिजे, दुसरं अडलं पाहिजे. पहिलं गेलं, दुसरं अडलं. तिनं बुश उजवीकडच्या ट्रेत ठेवला आणि सदतिसावा उचलला.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या या वर्कशॉपमध्ये ती सतरा वर्षं तपासणीच्या टेबलावर बसते. पास झालेल्या ट्रेवर ती हिरवी चिठ्ठी लावते, नापास ट्रेवर लाल. तिसरी चिठ्ठी पिवळी असते. माल ड्रॉइंगबरहुकूम उतरला नाही, पण वापरता येईल, अशा वेळी ती लागते. त्या चिठ्ठीला इथे सगळे डेव्हिएशन म्हणतात. पिवळ्या चिठ्ठीवर मिनलच्या एकटीच्या सहीनं भागत नाही. ज्याचा माल, त्याची सही लागते.

तिच्या ॲप्रनच्या आतल्या खिशात, गेज गुंडाळायच्या तेलकट कागदात, चांदीची एक अंगठी होती. अंगठीचं कोंदण रिकामं होतं. कोंदणाचं माप तिनं पहिल्या शिफ्टची घंटा होण्याआधीच घेतलं होतं. लांबी नऊ पूर्णांक शून्य सहा, रुंदी सात पूर्णांक शून्य चार. मिलिमीटरमध्ये. ते तिनं तळहातावर बॉलपेननं लिहून ठेवलं आणि मग हातमोजा चढवला.

अंगठी तिच्या वडिलांची. खंडू ओव्हाळ दुष्काळानंतर बीड जिल्ह्यातून इकडे आले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. सुरुवातीची काही वर्षं मिळेल ते काम केलं, मग याच वसाहतीत एका टूलरूममध्ये ग्राइंडरवर लागले आणि चौतीस वर्षं तिथेच राहिले. घासून काढलेल्या लोखंडावरून अंगठा फिरवून ते सांगत, अजून दोन शतांश बाकी आहेत. बाकीचे मायक्रोमीटर लावून बघत आणि गप्प बसत. १९८४ साली ते कायम झाले, तेव्हा गिरजाबाईंनी ही अंगठी केली. त्या तेव्हा एका औषध कंपनीत बाटल्यांना लेबलं लावत. चांदी त्यांनी भोसरीत घेतली आणि खडा देहूरोडला. विहाराच्या वर्धापनदिनाला गेलेल्या गर्दीत एका हातगाडीवर निळे खडे मांडले होते, त्यातला एक.

"खडा कशाला?" खंडूंनी विचारलं होतं. "आपन काय शनिवार पाळतो का?"

"शनीचा न्हाई," गिरजाबाई म्हणाल्या. "आपला रंग हाय."

खडा खरा की खोटा, हा प्रश्न त्या घरात कधी निघाला नाही. हातगाडीवरचा खडा खोटा असतो, हे दोघांनाही माहीत होतं.

१९९१ साली एके दिवशी अंगठी काढायची राहून गेली आणि खंडूंचा हात मशीनच्या बेडवर आपटला. हात वाचला. खड्याच्या नखाकडच्या टोकाचा टवका उडाला. त्यानंतर कामावर असताना अंगठी डब्याच्या पिशवीत राहू लागली. टवका तसाच राहिला. पाच वर्षांपूर्वी काचबिंदूनं खंडूंची नजर गेली. आता खिडकी कुठल्या बाजूला आहे, एवढंच त्यांना कळतं.

अकरा महिन्यांपूर्वी गिरजाबाई गेल्या. तीन दिवस दवाखान्यात होत्या, चौथ्या दिवशी पहाटे गेल्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, मिनलचा भाऊ संघर्ष बंगळुरूहून आला आणि आठ दिवसांनी परत गेला. मिनल कामावर रुजू झाली त्या दिवशी तिनं नऊशे पिना तपासल्या आणि त्यातल्या सतरा बरोबर बाजूला काढल्या. लोक म्हणाले, धीराची आहे. तिला धीर धरल्यासारखं काही वाटलं नव्हतं. हात चालत होते. चहा संपल्यावर तिच्या लक्षात यायचं, की त्यात साखर नव्हती. ते अजूनही तसंच होतं.

खंडू दिघीतल्या घरात खिडकीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून असत. उजवा हात मांडीवर, डाव्या हाताचा अंगठा उजव्या हाताच्या अंगठीवर. अंगठा खड्याच्या माथ्यावरून नखाकडे सरकायचा, टवक्यात अडायचा, तिथे थोडा वेळ थांबायचा आणि परत यायचा. गिरजाबाईंबद्दल ते काही बोलत नसत. दिवसभरात ते जे करत, ते एवढंच.

तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी अंगठी काढून मिनलपुढे धरली होती. "खडा हलतोय. बघ जरा."

कोंदणाची कड झिजली होती. सोनाराकडे जाऊन ती पुन्हा दाबून घ्यायला हवी होती. मिनलनं अंगठी कामावर नेली आणि नटबोल्ट कंपनानं सुटू नयेत म्हणून लावतात ते लाल औषध सुईच्या टोकानं खड्याखाली सोडलं. दुसऱ्या दिवशी खडा हलत नव्हता. "पक्का केला," तिनं सांगितलं. खंडूंनी अंगठा फिरवून पाहिला आणि मान हलवली.

ते औषध धातूला धातू धरून ठेवतं. हवा लागली, की ते घट्ट होत नाही. कोंदण खालून उघडं होतं, खडा काचेचा होता. त्या औषधाच्या डब्याबरोबर येणारा कागद दर सहा महिन्यांनी मिनलच वाचून फाइलला लावते.

गेल्या गुरुवारी, वसाहतीच्या सुट्टीच्या दिवशी, खंडू अंघोळ करून बाहेर आले. ते अंगठी मोरीच्या कट्ट्यावर काढून ठेवतात. मिनल ती आणायला गेली, तेव्हा अंगठी गरम पाण्याच्या आणि साबणाच्या थारोळ्यात पडली होती आणि कोंदणातून तिला कट्ट्याची फरशी दिसत होती. तिनं मोरीची जाळी काढली. कोपरापर्यंत हात घातला. चिंधी, केस, साबणाची चकती, शर्टाचं एक बटण. खडा नव्हता.

"मिनल, अंगठी?" बाहेरून आवाज आला.

"काळी पडलीय, अप्पा. पॉलिशला देते."

"बरं," खंडू म्हणाले.

सतरा वर्षांत तिनं नापास माल पास केल्याची नोंद कुठेही नाही. वडिलांना एकदाच सांगितलं होतं, पक्का केला. आता तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. एक तर जाऊन सांगायचं, की मी केलं ते चुकलं आणि आईनं आणलेला खडा गटारात गेला. नाहीतर तो खडा असा परत आणायचा, की त्यांच्या अंगठ्याला कळू नये. तिनं दुसरी धरली. का, याचा तिनं विचार केला नाही. माप घ्यायला वस्तू हातात होती, म्हणून असेल.

सोमवारी पावणेचारला ती भोसरीच्या बाजारात पोतदार सराफांच्या दुकानात पोचली. पोतदार पन्नाशीचे, डोळ्याला भिंग अडकवूनच बोलणारे. त्यांनी अंगठी उलटसुलट केली.

"चांदी चांगली आहे. खडा कुठला होता?"

"निळा."

"नीलम?" त्यांनी मखमलीची पेटी पुढे ओढली. "कोणासाठी, ताई?"

"वडिलांसाठी."

"रास काय त्यांची?"

"रास नको. माप सांगते." तिनं तळहात पुढे केला. "नऊ शून्य सहा, सात शून्य चार. कोंदणाचं आहे. खडा पाच शतांशानं कमी धरा."

पोतदारांनी तळहाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ताई, नीलम म्हणजे साधी गोष्ट नाही. शनीचा खडा. आधी तीन रात्री उशाखाली ठेवून बघायचा. वाईट स्वप्न पडलं, तर मी परत घेतो. जन्मवेळ असेलच ना वडिलांची?"

"त्यांच्या आईलाही माहीत नव्हती."

"मग पत्रिका?"

"आम्ही बघत नाही. निळी काच असली तरी चालेल."

पोतदारांनी भिंग कपाळावर सरकवलं. मग त्यांनी मखमलीची पेटी बंद केली आणि खालच्या खणातून कागदाची एक पुडी काढली. "मग आधी सांगायचं ना, रंगासाठी पाहिजे म्हणून. मी आपला तुमच्या मागे शनी लावत बसलो." पुडीत दहा-बारा निळे खडे होते. "हे कारखान्यातले. दिसायला कुठे कमी नाहीत. घ्या निवडून."

मिनलनं पिशवीतून व्हर्निअर काढला आणि एकेक खडा मोजायला सुरुवात केली.

"अहो, आम्ही नजरेनं बसवतो," पोतदार हसले. "पंचवीस वर्षं झाली."

"नजरेनं बसवलेलेच माझ्या टेबलावर परत येतात."

"भोसरीत हे एक वाईट," पोतदार दुकानात दुसरं कुणी नव्हतं तरी म्हणाले. "गिऱ्हाईक वडापाव घेतानासुद्धा मापात बोलतं."

सातवा खडा बरोबर निघाला. माथा सपाट, रंग जवळपास तोच. तिनं तो कागदावर ठेवला आणि म्हणाली, "याच्या एका टोकाला टवका पाडायचाय."

"काय पाडायचंय?"

"टवका. सव्वा मिलिमीटरच्या आत. जुन्याला होता."

पोतदारांनी दोन्ही हात काउंटरवरून मागे घेतले. "ते मी करणार नाही, ताई. तुम्ही मानत नसाल, मी मानतो. लोक फुटका खडा काढून टाकायला माझ्याकडे येतात. नव्या खड्याला खोट पाडून द्यायची म्हणजे..." त्यांनी खडा तिच्याकडे सरकवला. "तुम्ही कुठूनही करून आणा. बसवून मी देतो. बसवल्यावर हलला, तर माझं नाव सांगा."

टवक्याचं माप तिनं रविवारी रात्री कामं आवरल्यावर काढलं होतं. आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा संघर्षनं काढलेला एक फोटो तिच्या फोनमध्ये होता. केक कापतानाचा. खंडूंच्या हातावर गिरजाबाईंचा हात होता. मिनलनं फोटो मोठा केला आणि पडद्यावर स्टीलची पट्टी लावली. अंगठीची पट्टी खरी दोन पूर्णांक आठ मिलिमीटर रुंद, पडद्यावर चौदा. म्हणजे पाचपट. टवका पडद्यावर सहा भरला, म्हणजे खरा एक पूर्णांक दोन. गिरजाबाईंच्या अंगठ्यानं टवक्याची एक बाजू झाकली होती. तेवढा भाग तिनं अंदाजानं धरला. फोन बंद केला आणि उद्याची भाजी निवडून ठेवली.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ती टूलरूममध्ये गेली. तिथले फोरमन हिंदुराव निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, साताऱ्याकडचे. खंडूंच्या हाताखाली ते ग्राइंडर शिकलेले.

"आज तू जॉब घेऊन आलीस व्हय?" ते म्हणाले. "बरं झालं. आण, मी रिजेक्ट करतो."

तिनं कागद उलगडला. हिंदुरावांनी अंगठी ओळखली. खडा वेगळा ठेवलेला पाहिला आणि त्यांचा आवाज खाली आला.

"मास्तरांची ना ही? खडा कधी गेला?"

"गुरुवारी. मी लाल औषध लावलं होतं."

"खड्याला?" हिंदुरावांनी तिच्याकडे बघितलं. "अगं, ते लोखंडाला लोखंड धरतं."

"माहीत आहे."

"तुला न्हाई माहीत तर कुणाला." ते स्टुलावर बसले. "आणि आता काय?"

"टवका पाडायचाय. एक पूर्णांक दोन."

हिंदुरावांना हसू आलं ते त्यांनी आवरलं. "सतरा वर्षं माझ्या जॉबातली खोट काढलीस. आता सवताच्या हातानं खोट पाडतीस. ड्रॉइंग आणलंयस का?"

तिनं आणलं होतं. चौकटीच्या कागदावर, पाचपट मोठं. खडा, त्याचं टोक, टवक्याची रुंदी, खोली. हिंदुरावांनी चष्मा लावून पाहिलं आणि कागद परत दिला.

"मिनल, सांगून टाक की त्यांना. तुझ्यावर काय रागावणार हायेत?"

"ते रागावत नाहीत, काका."

"मग?"

"गप्प बसतात."

हिंदुराव उठले. त्यांनी कपाटातून काच घासायची हिऱ्याची बारीक फाइल काढली, खडा लाकडाच्या ठोकळ्यात मेण घालून बसवला आणि ठोकळा तिच्यापुढे सरकवला. "तूच मार. माझा हात अलीकडं हलतो. पानी लावत जा."

तिला वीस मिनिटं लागली. दोनदा थांबून मापलं. एक पूर्णांक एक आठ झालं तेव्हा ती थांबली.

"आता चामड्यावर घास," हिंदुराव म्हणाले. "चांगलं घास. न्हाईतर म्हाताऱ्याला कळंल. त्या अंगठ्याला मी अडतीस वर्षं वळखतो."

तिनं घासलं. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा ती टेबलावर परत आली होती.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा शेजारच्या जाईबाई दारातच उभ्या होत्या. मिनल कामावर असते तेव्हा त्या खंडूंकडे लक्ष ठेवतात. दुपारची भाकरी त्याच वाढतात.

"मिने, त्यांनी आज दोनदा इचारलं. अंगठी आली का म्हनून. मी म्हनलं, सोन्याची व्हती का काय येवढी."

"जेवले?"

"अर्धी भाकर ठिवली. कालबी ठिवली व्हती."

आत खंडू खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर होता. डावा अंगठा अनामिकेच्या त्या पांढरट खाचेवरून फिरत होता आणि कुठेच अडत नव्हता.

"पॉलिशला लई दिस लागत्यात," ते म्हणाले.

"गुरुवारी मिळेल, अप्पा."

"बरं."

बुधवारी शिफ्टनंतर तिनं खडा आणि अंगठी पोतदारांकडे दिली, ड्रॉइंगसकट. कागदावर खड्याच्या टवक्याच्या बाजूला तिनं बाण काढून लिहिलं होतं: नखाकडे. पोतदारांनी कागद भिंगाखाली धरला. "इतकं शिकून आम्ही दागिने केले असते, तर चार माणसांत नाव झालं असतं," ते म्हणाले. "उद्या बाराला या."

गुरुवारी बारा वाजता अंगठी तयार होती. कोंदणाची कड चारी बाजूंनी सारखी दाबली होती. मिनलनं खडा नखानं ढकलून पाहिला, सुईनं पाहिला, कानाजवळ अंगठी हलवून पाहिली. आवाज नव्हता. माथा, उंची, टवका, सगळं ड्रॉइंगप्रमाणे. काम चांगलं होतं. तिनं तसं सांगितलं आणि दिघीची बस धरली.

बसमध्ये मॅगझिन चौक येईपर्यंत तिनं अंगठी पिशवीतच ठेवली. मग काढली. का काढली, ते तिला आठवत नाही. पट्टीच्या खालच्या भागाची एक कड झिजून धारदार झाली होती. खंडूंनी तीस वर्षं सायकल मारली. उतारावर सायकलच्या ब्रेकची लोखंडी दांडी त्या कडेवर घासत राहिली, म्हणून. ती कड ते नेहमी मनगटाच्या बाजूला घेऊन अंगठी घालत. उलटी घातली, तर शेजारच्या बोटाला टोचते, असं म्हणत.

झिजलेली कड मनगटाकडे धरली, तर टवका मनगटाकडेच येत होता.

तिनं अंगठी दोनदा फिरवून पाहिली. कागदावर तिनं टवक्याची बाजू लिहिली होती, पण अंगठीची कुठली बाजू नखाकडची, ते लिहिलं नव्हतं. माप जिथून धरायचं, ती कडच दाखवायची राहिली होती. नव्या पोरांचं असं ड्रॉइंग तिच्याकडे आलं असतं, तर तिनं त्याच मिनिटाला परत पाठवलं असतं. पोतदारांच्या दृष्टीनं अंगठीला पुढंमागं नव्हतं. त्यांची चूक काहीच नव्हती.

परत गेली असती, तर कोंदण उघडावं लागलं असतं. झिजलेली चांदी दुसऱ्यांदा दाबताना तुटण्याची शक्यता होती. तिनं हे सगळं एका थांब्याच्या अंतरात मनाशी मांडलं. थांबा आला, तेव्हा ती उतरली.

खंडू जेवायचे राहिले होते. जाईबाई ताट झाकून गेल्या होत्या.

"आली का?" त्यांनी चपलांच्या आवाजावरून विचारलं.

"आली."

तिनं अंगठी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी आधी पट्टी चाचपली, झिजलेली कड शोधली, ती मनगटाकडे घेतली आणि अंगठी बोटात सरकवली. उजवा हात मांडीवर ठेवला. डावा अंगठा खड्याच्या माथ्यावर टेकला आणि नखाकडे सरकला. तिथे काही नव्हतं. अंगठा थांबला. मग उलट्या दिशेनं, सावकाश, मनगटाकडे गेला आणि अडला.

मिनल समोर उभी होती. खांद्यावरची पिशवी तिनं अजून उतरवली नव्हती.

"टवका हिकडं आलाय," खंडू म्हणाले.

"हो."

अंगठा टवक्यात थोडा वेळ फिरला. आडवा, मग उभा. जसा तो टूलरूममध्ये फिरायचा.

"धार कवळी हाय. जुन्या टवक्याची धार मेली व्हती." ते म्हणाले. "कुनी पाडला?"

"मी. हिंदुरावकाकांच्या टेबलावर."

"फाइल कंची?"

"हिऱ्याची. बारीक."

"पानी लावलं व्हतं?"

"लावलं होतं."

"मग बरोबर हाय." खिडकीबाहेर कुणाची तरी रिक्षा रिव्हर्स घेत होती, तिचा भोंगा वाजत राहिला. तो बंद झाल्यावर खंडूंनी विचारलं, "आधीचा कुठं गेला?"

"मोरीत. गेल्या गुरुवारी. जाळी काढून पाहिलं. नव्हता."

"लाल औषध लावलं व्हतंस ना?"

"हो."

"त्याला हवा चालत न्हाई."

"माहीत आहे, अप्पा."

"माहीत हाय, तर लावलंस कशाला?"

मिनलनं उत्तर शोधलं. तिला खरं तेवढंच सापडलं. "हाताशी होतं."

खंडूंनी मान हलवली. ते रागावले नाहीत. गप्पही बसले नाहीत. त्यांनी अंगठी बोटातून काढली, दोन बोटांत धरली, उलटी फिरवली आणि पुन्हा घातली. झिजलेली कड आता नखाकडे आली. करंगळीला ती लागली तशी त्यांनी करंगळी जरा बाहेर घेतली. मग अंगठा माथ्यावर ठेवला, नखाकडे सरकवला, आणि तो टवक्यात अडला. तिथे थांबला.

तिला हे बसमध्ये सुचलं नव्हतं. सुचायला हवं होतं.

"टोचेल तिथं," ती म्हणाली.

"टोचंल थोडे दिस." अंगठा तिथेच होता. "पिवळी चिठ्ठी लाव."

"सही कोणाची?"

"माझी," खंडू म्हणाले. "माझाच माल हाय ना."

मिनलनं पिशवी खिळ्याला अडकवली. ताटावरचं झाकण काढलं, भाकरी गार झाली होती ती तव्यावर टाकली. आई असती, तर या वेळी काहीतरी बोलली असती, असं तिच्या मनात आलं. काय, ते आलं नाही. तिनं भाकरी उलटली. बोट तव्याला लागलं, ते तिला लगेच कळलं. तिनं ते नळाखाली धरलं आणि पाणी चालू आहे तोवर तशीच उभी राहिली.

खंडूंनी त्या दुपारी एक भाकरी खाल्ली. दुसरीतली अर्धी ठेवली. जेवून झाल्यावर त्यांनी हात धुतला आणि मोरीच्या कट्ट्यावर अंगठी न काढता तसेच बाहेर आले.

"हिंदुरावचा हात हलतोय का अजून?" खुर्चीत बसताना त्यांनी विचारलं.

"हलतो म्हणाले. म्हणून फाइल मी मारली."

"त्याला म्हनावं, चामडं जरा जास्ती लावायचं व्हतं."

संध्याकाळी संघर्षचा फोन आला. त्यानं नेहमीसारखं विचारलं, अप्पा कसे आहेत. मिनल म्हणाली, बरे आहेत. अंगठीबद्दल तिनं काही सांगितलं नाही. त्यानं विचारलं नव्हतं.

उद्या शुक्रवार. सहा वाजून पाच मिनिटांनी खंडूंच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदूच्या औषधाचा एक-एक थेंब घालायचा आहे. सहा पंचविसाला भोसरीची बस आहे. पहिली शिफ्ट सात वाजता सुरू होते, आणि तपासणीच्या टेबलावर बुधवारचे तीनशे बारा बुश मोजायचे राहिले आहेत.